उदबत्तीच्या धुरापायी

ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडं एवढा मोठा कॅमेरा कशाला, असं गिऱ्हाइकं विचारतात. परभणीत घराच्या पुढच्या खोलीतच माझं शिलाईचं आणि आरी वर्कचं काम चालतं. आता बायका दारात यायच्या आधी व्हॉट्सॲपवर डिझाइन बघतात, आणि मोबाइलच्या फोटोत जरीकाम काही नीट दिसत नाही. सोनेरी धागा आणि चंदेरी धागा एकच वाटतो. भाचा पुण्याला नोकरीला लागला, त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना निकॉन डी३२०० माझ्याकडं आला. सोबत १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स, एक हलकं स्टँड, हातानं पॉवर कमी-जास्त करायचा साधा फ्लॅश आणि तो फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवून उडवायला ट्रिगर. एवढ्या सामानावर ब्लाउजचे फोटो बरे यायला लागले. एका संध्याकाळी काळ्या मखमलीच्या ब्लाउजचा फोटो काढत होते, तर आत्यांनी देवापुढं लावलेल्या उदबत्तीचा धूर मधे आला. ब्लाउज त्याच आठवड्यात गेला. धुराची ती रेघ मात्र मी कितीतरी वेळ मोठी करकरून बघत बसले.

सुरुवात मोबाइलवरच केली, कारण कॅमेऱ्याचा मॅन्युअल मोड, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवायचं, अजून हातात बसला नव्हता. अंधाऱ्या खोलीत धुरावर बॅटरी मारली की डोळ्यांना फार छान दिसतं. फोटोत नुसता पांढुरका ढग येतो. अंधार दिसला की मोबाइल आपणहून नाइट मोडवर जातो, भराभर पुष्कळ फोटो घेतो आणि एकावर एक बसवतो. समोर बाहुली असती तर चाललं असतं. धूर तेवढ्या वेळात हातभर वर गेलेला असतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/२०० (सेकंदाचा दोनशेवा हिस्सा) केलं तर आकार सापडतो, पण मग आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा, एवढा वाढवावा लागतो की धूर कुठला आणि दाणे कुठले हे कळत नाही. ज्यांच्याकडं फक्त मोबाइल आहे त्यांनी बॅटरी सोडावी आणि ऊन वापरावं. सकाळी दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आत येते, त्या पट्टीत उदबत्ती धरायची, मागं काळं कापड, बाकी खोली अंधारी. घरातल्या कुठल्याही बॅटरीपेक्षा ऊन कितीतरी प्रखर. शटर १/५०० ठेवलं तरी पुरतं. माझे पहिले बरे म्हणावेत असे फोटो तसेच निघाले. पण ऊन सरकतं, आणि माझ्या घरात सकाळ म्हणजे नळाचं पाणी, डबे आणि शाळेची रिक्षा. म्हणून रात्र आणि फ्लॅश.

हे सगळं जमलं ते मार्गशीर्ष होता म्हणून. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात पारा ४४वर असताना इथं पंखा बंद करून बसून दाखवावं. धुराला पंखा चालत नाही, कूलरचं तर नावच काढायला नको. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली येतो, पंखे आपोआप बंद असतात, खिडक्या लावलेल्या असतात. त्यात महालक्ष्मीचे गुरुवार, म्हणजे घरात उदबत्त्यांचे पुडे आलेले. ते भराभर संपायला लागले तसं आत्यांच्या लक्षात आलं.

“देवापुढं एक अन् फडक्यापुढं धा लावायलीस,” त्या म्हणाल्या. “देव काय म्हनंल गं?”

“देवाचाच फोटो निघतोय का बघायले, आत्या.”

“निघला तर मला आदी दाखव.”

पंखा बंद केला म्हणजे हवा थांबली, असं नाही. पुढची खोली पत्र्याची आहे. थंडीत रात्री पत्रा गार पडतो, त्याला लागलेली हवा गार होऊन खाली उतरत राहते, आणि धूर वीतभर चढतो न चढतो तोच मोडतो. तीच उदबत्ती स्लॅबच्या आतल्या खोलीत लावली तर धूर सरळ दीड-दोन वीत वर गेला. मग मुक्काम तिथंच हलवला. दाराखालच्या फटीला जुनी वाकळ गुंडाळून लावली, खिडकीच्या कडांना चिंध्या खोचल्या. चिंध्यांना आमच्याकडं तोटा नाही. आपलं अंगसुद्धा हवेला ऊब देतं. उदबत्तीच्या जवळ बसून कॅमेऱ्यात डोळा घातला की धूर एका बाजूला कलतो, आणि श्वास सोडला की संपलंच. म्हणून रिमोट घेऊन लांब भिंतीला टेकून बसायचं, आणि उठून काही सरकवलं तर परत जागेवर येऊन धूर पुन्हा सरळ होईपर्यंत दम धरायचा. दहावीतल्या मुलीला हे बसणं जमलं नाही. तिनं आत यायचं तर दार उघडायचं, दार उघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

धूर सरळ का जातो आणि मग का मोडतो, हे थोडं समजून घेतल्यावर काम सोपं झालं. उदबत्तीच्या टोकाशी तापलेली हवा हलकी होऊन वर निघते आणि धुराचे कण तिच्यासोबत जातात. वर जाताना प्रवाहाचा वेग वाढत जातो, आणि एका उंचीनंतर त्याला सरळ राहता येत नाही. आधी तो थोडा डुलतो, मग वेटोळी घेतो, मग पार विस्कटतो. खोली जेवढी शांत, तेवढी ही मोडायची जागा वर सरकते. सगळा फोटो त्या डुलण्यापासून विस्कटण्यापर्यंतच्या चार-सहा बोटांच्या पट्ट्यात आहे, असं माझं मत झालं आहे. त्याच्या खाली नुसता दोरा, त्याच्या वर नुसता ढग. मधल्या पट्ट्यात धूर एखाद्या पातळ पडद्याइतका पसरतो आणि त्याला घड्या पडतात. शिफॉनचा पदर दोन बोटांत उचलून अलगद सोडल्यावर पडतात तशा. घडीच्या कडेला धूर दुहेरी होतो, म्हणून तिथं पांढरी रेघ जास्त उजळ दिसते. एकदा ही उंची कळली की कॅमेरा उदबत्तीच्या टोकावर नाही, तिच्यावर वीतभर लावायचा. जळतं टोक फोटोत आलं की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते. मी ते कायम चौकटीच्या खाली ठेवते.

काळ्या पडद्याचा विषय निघाला की मी जरा हक्कानं बोलते. भाचा म्हणाला होता, “मावशी, काळा चार्टपेपर लाव.” चार्टपेपर फ्लॅशमध्ये करडा दिसतो. साटीन चमकतं, टेरीकॉटही चमकतं, काळं पॉपलीन त्यातल्या त्यात बरं. मखमल सगळ्यांत काळी, कारण तिच्या लवेत उजेड शिरतो तो आतच जिरतो. पण मखमलीलाही उलटं-सुलटं असतं. हात फिरवून बघा. एका दिशेनं मऊ घसरतो, दुसऱ्या दिशेनं अडखळतो. लव खालच्या बाजूला झोपेल असं कापड टांगलं तर त्यावर फिकट झाक येते. लव वर उभी राहील असं टांगलं तर तेच कापड गडद होतं. मखमलीचा ब्लाउज बेतताना सगळे भाग एकाच दिशेनं कापायचे ते याचसाठी, नाहीतर बाही एका रंगाची आणि पाठ दुसऱ्याच रंगाची दिसते. धुरामागची मखमल मी लव वर करून टांगली. टांगण्याआधी हाताला चिकटपट्टी उलटी गुंडाळून कापडावरून फिरवली. माझ्या घरात हे केल्याशिवाय इलाजच नाही. पांढऱ्या दोऱ्याचा नखाएवढा तुकडाही फ्लॅशमध्ये लख्ख उठून दिसतो.

कापड कुठलं यापेक्षाही ते किती लांब, याला महत्त्व आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: अंतर दुप्पट केलं की उजेड पाव होतो. फ्लॅश धुरापासून ३० सेंटिमीटरवर आणि मखमल फ्लॅशपासून १२० सेंटिमीटरवर असेल, तर धुरावर पडतो त्याच्या सोळावा हिस्सा उजेडच मखमलीवर पोचतो. म्हणून फ्लॅश धुराच्या जवळ आणि पडदा जमेल तेवढा मागं. आमची खोली दहा बाय दहाची. पलंग भिंतीला सरकवला, इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं, तेव्हा कुठं तेवढी जागा झाली.

उदबत्ती पेटवायच्या आधी मी अंधाराची परीक्षा घेते, आणि नव्यानं सुरू करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच करून बघायला सांगीन. मोड मॅन्युअल, आयएसओ १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८, शटर १/२००. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो ठार काळा आला पाहिजे. नाही आला तर कुठून तरी उजेड येतोय: देव्हाऱ्यातली लाल माळ, मोबाइल चार्जरचा दिवा, रस्त्यावरचा खांब. मग फ्लॅश चालू करून, पण धुराशिवाय, दुसरा फोटो. तोही ठार काळाच पाहिजे. त्यात काही दिसलं तर फ्लॅशचा उजेड पडद्यावर किंवा लेन्समध्ये सांडतोय. दोन्ही काळे आले की मगच काडी ओढायची. यानंतर फोटोत जे काही दिसेल ते फक्त धुराचं, त्यामुळं काय बिघडलं हे शोधत बसावं लागत नाही.

उजेड सांडू नये म्हणून फ्लॅशच्या तोंडाला मी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं एक चौकोनी नळकांडं केलं, आतून काळा कागद चिकटवला. एका बाजूची भिंत जरा लांब ठेवली, तीच लेन्सवर सावली धरते. फेव्हिकॉल, कात्री आणि पुठ्ठा. बाजारातून काही आणलं नाही.

फ्लॅशची पॉवर हा या सगळ्यातला सगळ्यात मजेदार भाग. धूर थांबवतं ते शटर, असं कुणालाही वाटेल. माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅशसोबत १/२००च्या पुढं शटर जात नाही, आणि धुराच्या कडा स्वच्छ यायला १/२०० पुरत नाही. पण खोली अंधारी असताना शटर कितीही वेळ उघडं असो, उजेड पडतो तो फ्लॅश उडाल्याच्या क्षणापुरताच. म्हणजे धूर किती गोठेल हे फ्लॅश किती वेळ पेटतो यावर ठरतं. आणि असल्या फ्लॅशची पॉवर कमी केली की तो मंद पेटत नाही, लवकर विझतो! पूर्ण पॉवरवर तो बराच वेळ जळतो. १/१६वर आणला की शटरच्या वेळेच्या कितीतरी पट कमी वेळात विझतो. माझ्या पूर्ण पॉवरच्या फोटोंत धुराच्या कडा किंचित लोकरीच्या वाटायच्या. पॉवर १/१६ केली, फ्लॅश धुराजवळ आणला, आणि कडा सुरीनं कापल्यागत स्वच्छ आल्या. वर सेल जास्त वेळ टिकतात आणि दोन फोटोंच्या मधे थांबावं लागत नाही.

आता फ्लॅश ठेवायचा कुठं? समोरून मारला तर धूर जवळजवळ दिसतच नाही. बरोबर बाजूनं मारला तर बरा. बाजूला ठेवून थोडा मागं नेला, म्हणजे उजेड धुरातून पार होऊन कॅमेऱ्याकडं यायला बघतो पण पुठ्ठ्यामुळं थेट लेन्समध्ये शिरत नाही, तर तोच धूर, त्याच सेटिंगवर, दुपटीनं उजळतो. हे मला फोटोच्या आधीपासून माहीत होतं, फक्त लक्षात घेतलं नव्हतं. सकाळी मशीनवर बसलं की पूर्वेच्या खिडकीकडं तोंड करून बघताना हवेत सुताचा नुसता भुगा तरंगताना दिसतो. खिडकीकडं पाठ केली की खोली एकदम स्वच्छ! कण इतके बारीक असले की ते उजेड आल्या बाजूला कमी आणि पुढच्या बाजूला जास्त फेकतात. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या विकिरणाचा, म्हणजे कणांवर पडून उजेड विखुरण्याचा, भाग आहे, त्यात एवढं सांगितलेलं नाही, पण सुरुवात तिथूनच होते.

फोकसला धूर दाद देत नाही. ऑटोफोकस अंधारात धुरामागं नुसता मागं-पुढं घरघरत राहतो. मी उदबत्तीच्या बरोबर वर शिलाईची टेप लटकवते, मुलगी तिच्यावर बॅटरी धरते, टेपवरच्या आकड्यांवर फोकस करायचा, लेन्सवरचं बटण ‘एम’वर सरकवायचं आणि टेप काढून घ्यायची. लेन्स ५५वर, कॅमेरा धुरापासून साधारण ८० सेंटिमीटरवर, एफ/८: अशात सहा-सात सेंटिमीटर जाडीचा पट्टाच नीट फोकसमध्ये येतो. धूर त्याच्या पुढं-मागं गेला की मऊ पडतो. एफ/११ केलं, म्हणजे भोक बारीक केलं, तर पट्टा वाढतो, पण मग पॉवर वाढवावी लागते. मी एफ/८वर राहिले. थोडा धूर पुसट आला तर मला खपतो, कडा लोकरीच्या झालेल्या खपत नाहीत.

उदबत्त्यांमध्येही फरक आहे, आणि तो दुकानदाराला विचारून कळत नाही. कच्छी बाजारात मी “वासाचं राहू द्या, धूर कुठली जास्त देते?” असं विचारलं तेव्हा दुकानदारानं माझ्याकडं वर-खाली बघितलं आणि डास फार झालेत का म्हणून विचारलं. हाताला आलेला हिशोब असा: महागाच्या मसाला उदबत्तीचा वास छान, धूर विरळ. कोळशाच्या काळ्या स्वस्त उदबत्तीचा धूर दाट आणि एकसारखा, फोटोला तीच. धूपकांडी जाड असते, धूर भरपूर देते, पण दोरा निघत नाही, सगळा लोट. उरुसाच्या वेळी तुराबुल हक दर्ग्याच्या बाजूला लोबान मिळतो तसला लोबान निखाऱ्यावर टाकून पाहिला. धुराचे डोंगरच्या डोंगर उठतात, घर भरून जातं, फोटोत मात्र नुसतं धुकं. कापराच्या वाटेला जाऊ नये. त्याची काजळी काळी, काळ्यावर दिसत नाही, आणि ज्योत सगळा अंधार नासवते. काडी अगदी उभी खोचली की राखेभोवतून धूर दोन धारांत फुटतो. थोडी तिरपी खोचली की एकच धार. दोन काड्या बोटभर अंतरावर लावल्या तर दोन्ही धारा वर जाऊन एकमेकींना वळसा घालतात, आणि माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी बरेच या जोडकाड्यांचे आहेत.

एका रात्री लाइट गेली. एरवी शिव्या घालते, त्या दिवशी बरं वाटलं. फ्लॅश आणि कॅमेरा दोन्ही सेलवर. रस्त्यावरचा खांब बंद, शेजारच्यांचा टीव्ही बंद. चिंध्या न खोचताही खोली ठार काळी.

धुराला थोडं छेडलं तर आकार बदलतात. हातानं वारा घातला तर नुसता विस्कोट होतो. डावाचं पालथं बूड धुराच्या वाटेत धरलं तर धूर त्याला बिलगून वर येतो आणि काठावरून गोल सुटतो. वाटी पालथी धरली तर ती आतून भरते आणि मग सगळ्या काठांनी सांडते. या कामाला मात्र मुलगी पटकन तयार झाली. डाव धरायचा, “एक, दोन” म्हणायचं आणि काढून घ्यायचा. डाव गेल्यानंतरच्या क्षणात खरी गंमत असते. मी कॅमेऱ्यात डोळा घालत नाही. उघड्या डोळ्यांनी धूर बघायचा, एक वेटोळं चांगलं जमायला लागलंय असं वाटलं की ते पुरं व्हायच्या आतच दाबायचं. पुरं झाल्यावर दाबलं की उशीर झालेला असतो.

धुराचं मागं काय राहतं तेही सांगायला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांत बंद खोलीत इतका धूर साठतो की मखमलीसमोर पडदा आल्यासारखं होतं, फोटोतला काळा करडा व्हायला लागतो. तेव्हा थांबायचं, दार-खिडकी सताड उघडायची, सगळं निवळलं की पुन्हा वाकळ लावायची. हे फोटोसाठीच नाही, छातीसाठीही. उदबत्तीचा असो की चुलीचा, धुराचे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. आत्यांना जुना दमा आहे, त्यामुळं त्यांची खोली बंद आणि माझी वेळ त्या झोपल्यावरची. लेन्सच्या काचेवर चिकट थर बसतो, तो कोरड्या कापडानं पुसला तर पसरतो. लेन्सचा द्रव आणि मऊ कापड घ्यायचं, आणि त्या खोलीत लेन्स कधीही कॅमेऱ्यावरून काढायची नाही. काडीच्या खाली पाण्याची परात ठेवते. शिवणाऱ्याच्या घरात सूत, अस्तर, फोम, काय काय पडलेलं असतं, ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही. मखमलसुद्धा कापडच आहे.

लॅपटॉपवर फोटो उघडल्यावर पहिल्यांदा नजरेत भरलं ते म्हणजे धूर पांढरा नाही, निळसर आहे. कॅमेऱ्याचा दोष नाही तो. काडीच्या टोकावरून निघालेले कण फारच बारीक असतात आणि निळा उजेड जास्त फेकतात. तोच धूर उजळ भिंतीसमोर बघितला तर तपकिरी वाटतो. आमच्या गल्लीतले एक आजोबा ओट्यावर बिडी ओढत बसतात, त्यांच्याकडं बघून हे पडताळून घेतलं. बिडीच्या टोकाचा धूर निळा, आजोबांच्या तोंडातून आलेला पांढरट. छातीत जाऊन आलेल्या धुराच्या कणांवर ओल चढते, ते मोठे होतात आणि सगळे रंग सारखेच फेकायला लागतात. आजोबांना वाटलं मी बिडी सोडायला सांगणार आहे.

मी निळा तसाच ठेवते. काळा थोडा खाली ओढते, उजळ भाग थोडा वर, बस्स. फोटो उलटा करायची एक युक्ती आहे: लॅपटॉपवर गिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्व्हर्ट’ दाबलं, किंवा मोबाइलवर स्नॅपसीडच्या कर्व्ह्जमधली रेघ उलटी केली, की काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. पांढऱ्या कागदावर शाई सोडल्यागत दिसतं. पण मग निळ्याचा नारिंगी होतो, तो रंग काढून टाकावा लागतो. मुलीला हे फार आवडलं, तिनं एकेका वेटोळ्याला जांभळा, हिरवा, गुलाबी रंग देऊन स्टेटसला ठेवलं. मला इंद्रधनुष्याच्या रंगातला धूर बघवत नाही. एवढा खटाटोप करून घडी मिळवायची आणि तिच्यावर रंग ओतायचा! तिचे फोटो तिच्याकडं, माझे माझ्याकडं. आत्यांना मात्र दोन्हींत गणपती दिसला. सोंड म्हणाव्यात तशा रेघा प्रत्येक तिसऱ्या फोटोत असतात, त्यामुळं त्यांचं आजवर कधी चुकलेलं नाही.

भाच्याला फोटो पाठवले तर त्यानं एतियेन-ज्यूल मारे यांचे धुराचे फोटो पाठवून दिले. हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. १८९९ ते १९०१च्या सुमारास त्यांनी हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून धुराची यंत्रं बनवली. काचेच्या पेटीत धुराचे समांतर दोरे सोडायचे, वाटेत पट्टी किंवा गोळा ठेवायचा आणि मॅग्नेशियमच्या लखलखाटात फोटो घ्यायचा. शेवटच्या यंत्रात धुराचे ५७ दोरे होते. दोरे सरळ येतात, अडथळ्याशी वाकतात आणि त्याच्या मागं वेटोळी घेतात. आमच्या डावामागं होतं तेच, फक्त शिस्तीत. माणूस चालतो कसा, पळतो कसा याचे फोटो काढायलाही मारे यांनी पाठीमागं काळी मखमल लावलेली होती, हे वाचल्यावर मी भाच्याला लगेच फोन केला. चार्टपेपरचा विषय तिथं कायमचा मिटला.

एक फोटो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्यानं आधी विचारलं, वरची बाजू कुठली? मग चकचकीत कागदावर काढून दिला, त्यात ट्यूबलाइट दिसते आणि धूर दिसत नाही. दुसरी प्रत मॅट कागदावर काढून घेतली, ती काळ्याला मानवली. ती आता पुढच्या खोलीत मापं घ्यायच्या आरशाशेजारी आहे. मानवतहून एक गिऱ्हाईक लग्नाचे ब्लाउज टाकायला आली, ती मापं देता देता तिकडंच बघत होती.

“ताई, ही डिझाइन पाठीवर काढून द्याल का?”

मी म्हटलं, हा धूर आहे. ती म्हणाली, असू द्या की. मग मला विचारात पडावं लागलं. आरीचा साखळी टाका म्हटला की त्याला जाडी आली; धूर जिथं विरत जातो तिथं टाका विरत नाही, तो एकतर असतो किंवा नसतो. एकपदरी रेशीम घेऊन पांढऱ्यातून राखाडीत, राखाडीतून कापडाच्या रंगात उतरवत नेलं तर थोडंफार जमेल. दोन दिवसांचं काम. मी अठराशे सांगितले, ती बाराशेवर अडून बसली, पंधराशेवर ठरलं. कापड काळंच पाहिजे, पण मखमल नको, गरम होते म्हणाली. सोमवारी आणून देणार आहे.